स्विफ्ट एलएक्सआय २०१४: हँडलच्या काचा काढून पुढे पॉवर विंडो बसवायच्या आहेत, घरीच

चिपळूण_स्विफ्ट

गाडी २०१४ ची स्विफ्ट एलएक्सआय, पेट्रोल. चारही काचा हँडलवर. पुढच्या दोन्ही दारांना पॉवर विंडो करायच्या आहेत आणि काम स्वतःच करणार आहे. दाराचं पॅड (आतलं आवरण) काढता येतं, मल्टिमीटर वापरता येतो, लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) क्रिम्प करता येतात, म्हणजे दाबून बसवता येतात. वेल्डिंग वगैरे नाही.

अडलंय ते इथे:

१) दुकानात युनिव्हर्सल किट मिळतं, तेच घ्यावं की वरच्या मॉडेलचं मोटरसकट मशीन (दारातली काच वर-खाली करणारी यंत्रणा) शोधावं?

२) पॅसेंजरची काच दोन्हीकडून चालली पाहिजे, ड्रायव्हरच्या दारातूनही आणि त्याच्या स्वतःच्या दारातूनही. वायरिंग कसं करायचं? फ्यूज किती, वायर किती जाडीची?

३) आमच्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. दार एकदा उघडलं की नंतर आत पाणी येतं असं ऐकलंय. ते कशामुळे?

मागे दोन लहान मुलं बसतात, तेही लक्षात घेऊन सांगा.

---

मशीन_आणि_काच

किटचा विचार नंतर. आधी काच हाताने चालवून बघा, कारण पॉवर विंडो बसवल्यावर येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा मोटरच्या नसतात, जड चालणाऱ्या काचेच्या असतात. हँडल फिरवताना आपण नकळत जास्त जोर लावतो आणि अडखळणं झाकून नेतो. मोटरला ते जमत नाही.

पॅड असं काढा. काच पूर्ण वर घ्या आणि हँडल कोणत्या दिशेला उभं राहतं त्याचा फोटो काढा, पुढे कधी परत लावावं लागलं तर उपयोगी पडतो. हँडलच्या मागे तारेची सी आकाराची क्लिप असते. जुन्या सुती फडक्याची पट्टी हँडल आणि मागची चकती यांच्या फटीत घालून बूट पॉलिश करतात तशी डावी-उजवीकडे ओढा. क्लिप सुटते आणि उडते, म्हणून दुसऱ्या हाताने वर कापड धरा. मग हात घालायच्या कप्प्यातले स्क्रू, लॉकच्या खटक्यामागचा स्क्रू, आणि शेवटी कडेच्या प्लॅस्टिक क्लिपा. पॅड खालच्या कडेने ओढायला सुरुवात करा, प्लॅस्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याचा रंग जातो. गाडी जुनी असल्याने तीन-चार क्लिपा तुटणार हे धरून आठ-दहा नवीन आधीच आणून ठेवा.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो फाडू नका. कडेने सावकाश सोडवा आणि जपून ठेवा, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आता काच अशा उंचीवर आणा की तिला मशीनला धरणारे बोल्ट पत्र्याच्या भोकातून दिसतील. बोल्ट काढण्याआधी काच बांधा: कागदी टेपच्या तीन-चार रुंद पट्ट्या काचेच्या आतल्या बाजूने दाराच्या चौकटीवरून बाहेरच्या बाजूला न्या. काच टफन्ड आहे. सपाट भागावर ती बरंच सहन करते, पण कड पत्र्यावर किंवा पान्यावर आपटली तर एका क्षणात भुगा होतो. बोल्ट काढून काच हातात आली की ती चॅनलमध्ये (काच सरकते त्या रबर लावलेल्या खाचेत) वर-खाली सरकवून बघा. पुढच्या दाराची काच साधारण ३ किलोची असते. तेवढं वजन उचलायला लागतं त्याहून थोडासाच जास्त जोर लागला पाहिजे, तोही सगळीकडे सारखा.

अडकत असेल तर चॅनलचं रबर साबणाच्या पाण्याने आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने धुवा. वाळू आणि शेवाळ निघेल. वाळल्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस, इंजिन ऑइल, डिझेल यांतलं काहीही रबराला लावू नका. त्याने रबर फुगतं, आणि वर धूळ धरून त्याची खरवडणारी लापशी होते. रबर कडक होऊन तडकलं असेल तर बदला.

किटबद्दल. बाजारात तीन प्रकार दिसतील.

पहिला, जुन्या मशीनच्या हँडलच्या दांड्यावरच मोटर बसवायचा. स्वस्त आणि लवकर होणारा. पण त्यात दांड्याच्या दात्यांवर प्लॅस्टिकचा अडॅप्टर बसतो. काच वर टेकली की सगळा जोर त्या दात्यांवर येतो, ते झिजतात आणि मोटर नुसती फिरत राहते. शिवाय मोटर पॅड आणि पत्रा यांच्या मध्ये राहते, त्यामुळे पॅड फुगतं.

दुसरा, नळीतून फिरणाऱ्या दातेरी केबलचा. जुनं मशीन काढून टाकायचं, काचेच्या खालच्या कडेला ब्रॅकेट लावायचा, नळी दारात वळवून मोटरपर्यंत न्यायची. नळीचं वळण मोठं ठेवलं आणि काचेचा प्रवास सरळ असला तर चालतो. पण गाडीच्या काचा बाहेरच्या बाजूला थोड्या गोलाईच्या असतात. ब्रॅकेट काचेच्या मध्यभागी नसला तर काच तिरकी होते आणि वरच्या कोपऱ्यात रुतते.

तिसरा, त्याच पिढीच्या व्हीएक्सआयसारख्या वरच्या मॉडेलचं मोटरसकट मशीन. मी हेच घ्यायला सांगेन. काचेचा मार्ग कारखान्यात ठरवलेला असतो, मोटर पत्र्याच्या आत बसते, पॅड जसंच्या तसं राहतं. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड इथे नवं-जुनं दोन्ही मिळतं. विकत घेण्याआधी जुनं मशीन काढून सोबत न्या आणि तीन गोष्टी जुळवा: पत्र्यावर बसणाऱ्या भोकांमधलं अंतर, काच धरणाऱ्या दोन भोकांमधलं अंतर, आणि डावं-उजवं. डावं मशीन उजव्या दाराला लागत नाही. जुनं मशीन घेत असाल तर केबलची एकही तार सुटलेली नको, आणि प्लॅस्टिकच्या सरकत्या तुकड्याला तडा नको. दुकानातच बॅटरीवर दोन्ही दिशांना चालवून बघा.

बसवताना मशीनचे बोल्ट आधी ढिले ठेवा. काच बसवा, पूर्ण वर न्या, चौकटीत नीट बसू द्या, आणि मग त्या स्थितीत बोल्ट आवळा. खाली असताना आवळले तर वर जाताना काच एका बाजूला ओढली जाते. काचेचे बोल्ट हाताने घट्ट करून वर थोडंसंच आवळा. भोकात रबराची किंवा प्लॅस्टिकची बुशी असतेच, ती विसरू नका. धातू थेट काचेवर आला तर आज ना उद्या काच जाते.

---

बारा_व्होल्ट

वायरिंगचं मी सांगतो. सुरुवातीलाच बॅटरीची निगेटिव्ह काढा. डॅशबोर्डखाली किंवा पिलरजवळ (दाराशेजारचा बॉडीचा खांब) पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्यांना हात लावायचा नाही.

मुख्य लाइन: बॅटरी पॉझिटिव्हपासून २० अँपियरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तिथून २.५ स्क्वेअर एमएमची वायर इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून आत. त्यासाठी नवं भोक पाडू नका, असलेल्या रबरी ग्रोमेटमधून (भोकात बसवलेली रबराची कडी) काढा. आत १२ व्होल्टचा ३० किंवा ४० अँपियरचा रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा खटका. ३० नंबरच्या पिनवर बॅटरीची लाइन, ८७ वरून खटक्यांकडे, ८५ अर्थ (गाडीचा पत्रा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू), ८६ वर इग्निशन चालू असतानाच येणारी लाइन. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपियर लागतो, त्यामुळे इग्निशनच्या मूळ वायरिंगवर काहीच भार येत नाही. रिले नसेल तर एक तर काचा किल्ली काढल्यावरही चालतील, मुलं असताना हे नको, नाही तर मोटरचा सगळा करंट इग्निशनच्या खटक्यातून जाईल.

खटक्यापासून मोटरपर्यंत १.५ स्क्वेअर. घरगुती वायरिंगची वायर नको, बारीक तारांची गाडीचीच वायर घ्या, दार उघड-बंद होताना वळणारी. मोटर मोकळी चालताना साधारण ३ ते ६ अँपियर घेते, वर टेकून अडली की १५ ते २० किंवा जास्त. हिशेब बघा: १ स्क्वेअरची वायर, जाऊन-येऊन ६ मीटर, १० अँपियर, म्हणजे वायरीतच साधारण १ व्होल्ट गेला. २.५ स्क्वेअरमध्ये तोच ०.४ च्या आसपास राहतो.

दोन्ही काचा एकदम वर टेकवून खटके धरून ठेवले तर २० चा फ्यूज जाऊ शकतो. म्हणून ३० चा टाकायचा नाही. फ्यूज मोटरसाठी नाही, दारातल्या दीड स्क्वेअरच्या वायरीसाठी आहे. मोटरला तिचा स्वतःचा थर्मल कटआउट (तापल्यावर करंट तोडणारा भाग) आत असतो.

खटके पाच पिनांचे घ्या, मोकळे असताना मोटरच्या दोन्ही पिना अर्थला जोडलेल्या असतात तसे. मल्टिमीटरने खात्री करा. वर दाबलं की एक पिन १२ व्होल्टवर जाते, दुसरी अर्थवरच राहते. खाली दाबलं की उलट.

---

चिपळूण_स्विफ्ट

धन्यवाद दोघांना. काच हाताने चालवून बघितली. ड्रायव्हरची ठीक आहे, पॅसेंजरची वरच्या पाव भागात जड जाते. चॅनल धुतो.

दुकानात एक कागदावरची आकृती मिळाली. त्यात पॅसेंजरच्या दारातला खटका आणि ड्रायव्हरकडचा खटका दोन्ही सरळ मोटरला समांतर जोडलेत आणि दोन्हींना स्वतंत्र अर्थ दिलाय. हे बरोबर आहे का?

---

बारा_व्होल्ट

नाही, तसं जोडू नका. दोन्ही खटके मोकळे असताना मोटरच्या दोन्ही वायरी अर्थला धरून ठेवतात. समांतर जोडले की एक खटका वायरीला १२ व्होल्ट देतो आणि दुसरा तीच वायर अर्थ करतो. सरळ शॉर्ट. पहिल्याच दाबाला फ्यूज जाईल.

ते एकामागे एक लावायचे असतात. ड्रायव्हरच्या दारातला पॅसेंजरसाठीचा खटका मुख्य: त्याला १२ व्होल्ट आणि अर्थ. त्याच्या मोटरच्या दोन पिना मोटरला न नेता पॅसेंजरच्या खटक्याच्या दोन अर्थ पिनांवर न्यायच्या. पॅसेंजरच्या खटक्याला १२ व्होल्ट वेगळे द्यायचे, अर्थ अजिबात द्यायचा नाही. त्याच्या मोटरच्या पिनांवर मोटर. आता ड्रायव्हरने दाबलं तर करंट पॅसेंजरच्या मोकळ्या खटक्यातून मोटरला जातो. पॅसेंजरने दाबलं तर परतीचा करंट ड्रायव्हरच्या मोकळ्या खटक्यातून अर्थला जातो. दोघांनी उलट-सुलट दाबलं तर मोटरच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात आणि ती नुसती थांबते.

पॅसेंजरच्या खटक्याला जाणाऱ्या १२ व्होल्टच्या लाइनमध्ये ड्रायव्हरच्या दारात एक साधा ऑन-ऑफ खटका टाकला की तो लॉक झाला. बंद केल्यावर पॅसेंजरचा खटका मरतो, ड्रायव्हरचा चालूच राहतो.

वायरी मोजा: ड्रायव्हरच्या दारात १२ व्होल्ट, अर्थ, पॅसेंजरकडे जाणाऱ्या दोन आणि लॉकची एक, एकूण पाच. पॅसेंजरच्या दारात तीन. प्रत्येकीचा रंग वेगळा ठेवा आणि कागदावर लिहून तो कागद गाडीच्या पुस्तकात ठेवा.

एवढं नको असेल तर दोन्ही खटके गिअरजवळ मध्ये लावा. मग एका काचेला एकच खटका, दोघांच्या हाताशी, आणि दारात फक्त मोटरच्या दोन वायरी. पॅड कापावं लागत नाही, बिजागरीजवळ तुटायला वायरीही कमी. मला स्वतःला हीच रचना जास्त टिकाऊ वाटते.

बिजागरीजवळून वायर नेताना: स्पीकरची किंवा लॉकची वायर रबरी नळीतून आधीच जात असेल तर तीच नळी वापरा. नसेल तर दारात आणि पिलरमध्ये भोक पाडताना दोन्ही एका उंचीवर पाडू नका, थोडं वर-खाली ठेवा म्हणजे वायर मोडत नाही, पिळली जाते आणि जास्त टिकते. भोकाची कड कानशीने गुळगुळीत करून रंग लावा, कोकणात उघडा पत्रा एका पावसात गंजतो. नळीच्या आत जोड नको. दार पूर्ण उघडलं तरी वायर ताणलेली दिसता कामा नये.

---

पावसाळी_बॉडीशॉप

पाण्याचं. बऱ्याच जणांना वाटतं की काचेच्या बाहेरचं रबर पाणी अडवतं. ते फक्त कमी करतं. पावसात दाराच्या आत पाणी जातच असतं, आणि दार तसंच बनवलेलं असतं: पाणी आतल्या पत्र्यावरून ओघळून तळाच्या भोकांतून बाहेर. केबिन कोरडी ठेवतो तो पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद. तो फाटला, अर्धवट चिकटवला किंवा मोटर बसवताना भोक पाडून तसाच सोडला की पाणी पॅडवरून खाली उतरतं आणि पायाखालचा गालिचा भिजतो. लोक मग विंडस्क्रीनच्या रबराला दोष देत बसतात.

जुना कागद चांगला असेल तर तोच लावा. नसेल तर जाड प्लॅस्टिक जुन्याच्या मापाने कापा. चिकटवायला ब्युटाइल टेप, म्हणजे ती काळी चिवट पट्टी. काचेच्या टाकीसाठीचा, व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन लावू नका. त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो, आणि पुढच्या वेळी कागद फाटल्याशिवाय निघत नाही. कागदाची खालची कड महत्त्वाची: ती दाराच्या आतल्या बाजूला, पत्र्याच्या फटीत घाला, म्हणजे कागदावरून ओघळणारं पाणी दारातच पडेल. वायर बाहेर येते तिथे खाली झुकणारा झोल ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून कनेक्टरपर्यंत न जाता झोलाच्या टोकाला गळेल. कनेक्टरचं तोंड वर नको.

दाराच्या तळाची भोकं बारीक काडीने मोकळी करा. पानं आणि चिखल साचून ती बुजतात, मग पाणी साचतं आणि मोटर त्यात उभी राहते.

पॅड लावण्याआधी चाचणी: काच वर करून बाहेरून पाच मिनिटं पाण्याचा पाइप धरा. कागद आतल्या बाजूने कोरडा राहिला पाहिजे आणि तळाच्या भोकांतून पाणी गळताना दिसलं पाहिजे. शक्यतो मे महिन्यात उरका.

---

मशीन_आणि_काच

मुलांबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. अशा किटमध्ये काच अडकल्यावर उलटी फिरण्याची सोय नसते. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांतला आर २१ असं सांगतो की उलटी फिरण्याची सोय ज्या काचेला द्यावी लागते, ती काच १०० न्यूटनपेक्षा जास्त दाब पडण्याआधी उलटी फिरली पाहिजे. १०० न्यूटन म्हणजे साधारण १० किलोचं वजन. साधी मोटर यापेक्षा बरीच जास्त दाबते. त्यामुळे एकदा दाबून सोडलं की वर जाणारं किंवा गाडी लॉक केल्यावर काचा आपोआप चढवणारं मॉड्यूल लावू नका. काच फक्त बोट खटक्यावर असेपर्यंतच वर गेली पाहिजे. खटकाही असा घ्या की वर न्यायला ओढावा लागेल. गुडघ्याने किंवा कोपराने दाबला जाणारा नको.

मागच्या काचा हँडलवरच राहू द्या. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पाणी किती चढलं ते तुम्हाला मी सांगायला नको. वायरिंग पाण्यात गेल्यावर मोटरची काच उतरेल याचा भरवसा नाही, हँडलची उतरते. पुढच्या दारात हाताला येईल अशी टोकदार हातोडी ठेवा, मारायची ती काचेच्या कोपऱ्याजवळ.

आरटीओचं म्हणाल तर मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदलांबद्दल आहे, आणि पॉवर विंडो आरसीवर नसते. विम्यात मात्र आयएमटी २४ या जोड-कलमाखाली विजेवर चालणारी जोड-उपकरणं वेगळी नोंदवता येतात. बिल जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी किंमत सांगा.

---

चिपळूण_स्विफ्ट

दोन्ही दारं झाली. व्हीएक्सआयची मशीनं, भोकं जुळवून घेतली. खटके मध्येच लावले. ड्रायव्हरची काच चांगली चालते. पॅसेंजरची खाली पटकन जाते, वर जाताना दमते आणि तीन-चारदा वर-खाली केली की मध्येच बंद पडते. पाच मिनिटांनी परत चालू. मोटर खराब आहे का? चॅनल धुतलंय, हाताने काच आता मोकळी जाते.

---

बारा_व्होल्ट

थांबून परत चालू होते म्हणजे आतला थर्मल कटआउट काम करतोय, मोटर शाबूत आहे. तिला जास्त कष्ट पडताहेत एवढंच. एकाच दिशेला अजिबात चालत नसती तर खटका बघायला सांगितलं असतं, कारण दोन्ही दिशांना त्याच दोन वायरी वापरल्या जातात, मोटर एकाच दिशेला क्वचितच मरते.

इंजिन बंद, इग्निशन चालू. पॅसेंजरची काच वर जात असताना मोटरच्या कनेक्टरवर व्होल्ट बघा. ११ च्या वर असेल तर परत काचेकडे वळा, मशीनचे बोल्ट ढिले करून काच वर असताना पुन्हा आवळा. १०.५ च्या खाली असेल तर वायरिंग.

---

चिपळूण_स्विफ्ट

१०.१ आले. बॅटरीवर त्याच वेळी १२.२.

---

बारा_व्होल्ट

मग २.१ व्होल्ट रस्त्यात हरवताहेत. तुकड्या-तुकड्याने शोधा, काच चालू असतानाच. मीटरची एक तार बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी खटक्याच्या १२ व्होल्टच्या पिनवर: ०.५ च्या आत हवं. मग बॅटरीची निगेटिव्ह आणि खटक्याची अर्थ पिन: ०.२ च्या आत हवं. मग खटक्याची आत येणारी पिन आणि मोटरला जाणारी पिन: हेही ०.२. जिथे आकडा मोठा, तिथे दोष.

---

चिपळूण_स्विफ्ट

पॉझिटिव्ह ०.४. खटक्यात ०.१. अर्थ १.३. अर्थ मी पॅसेंजरच्या खटक्याचा वेगळा घेतला होता, डॅशबोर्डखालच्या एका बोल्टवर.

---

बारा_व्होल्ट

सापडलं. तो बोल्ट रंगावर बसलेला आहे. रंग खरवडून पत्रा चकचकीत करा, गोल लग नीट क्रिम्प करा, दाते असलेला वॉशर घाला, आवळा आणि वरून रंगाचा हात द्या म्हणजे गंज धरणार नाही. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही खटक्यांचे अर्थ एकत्र करून २.५ स्क्वेअरच्या एकाच वायरीने कारखान्याच्या मूळ अर्थ बोल्टवर न्या. नंतर परत मोजा. मोटरवर ११ च्या पुढे यायला हवेत.

---

चिपळूण_स्विफ्ट

एकत्र करून मूळ बोल्टवर नेले. मोटरवर ११.३. सलग दहा वेळा वर-खाली केली, थांबली नाही. कागद ब्युटाइलने चिकटवलाय, उद्या सकाळी पाण्याचा पाइप धरून बघतो आणि मगच पॅड लावतो.